टेंटरफील्डची गर्दी

वोलोंगाँग, ऑस्ट्रेलिया
३ सप्टेंबर १९६१

प्रिय म्युरियल,

अक्षर ओळखलंस का? मी नेव्हिल, तुझा चुलतभाऊ, एलिस काकांचा, म्हणजे एलिस बूथरॉइडचा मुलगा. आपल्या बापांनी एकमेकांशी बोलणं टाकलं तेव्हा आपणही टाकायचं असं ठरलं होतं खरं. पण इतक्या लांबून ती बंदी मला लागू होत नाही असं मी ठरवलंय. पत्र मुद्दाम तुझ्या बेकरीच्या पत्त्यावर घालतोय. घरी आलं असतं तर तुझ्या बाबांनी, हेडली काकांनी, न उघडताच शेगडीत टाकलं असतं.

मी इथल्या पोलादाच्या कारखान्यात क्रेन चालवतो. काम बरं आहे, ऊन भयंकर. लिहायचं कारण बाबा. आई गेल्यापासून ते घरात एकटेच आहेत. दर महिन्याला त्यांचं पत्र येतं आणि त्यात मजकूर एकच: तब्येत ठणठणीत, शनिवारी टेंटरफील्डच्या मैदानावर सामना, माणसं दहा हजार, उभं राहायला जागा नव्हती, सगळे भेटले. आता मी काही खुळा नाही. ब्रॅकनलीच्या रग्बीला दहा हजार माणसं यायची ती मी शाळेत असताना.

तू दर शनिवारी जातेस. एवढं कर, त्यांच्यावर जरा नजर टाक आणि खरं काय ते कळव. कोणाशी बोलतात का, नीट खाल्ल्या-प्यायल्यासारखे दिसतात का. आणि आपले दोन म्हातारे एकमेकांशी एक शब्द जरी बोलले, तर पत्राची वाट बघू नकोस, तार कर. मला दुसरं काही नको आहे.

तुझा,
नेव्हिल

ब्रॅकनली, यॉर्कशायर
१२ नोव्हेंबर १९६१

प्रिय नेव्हिल,

ओळखलं बाबा, ओळखलं. कोंबडी शाईत पाय बुडवून चालावी असं अक्षर आपल्या घराण्यात दुसऱ्या कोणाचं नाही. बेकरीतल्या मालकीणबाईंना वाटतंय ऑस्ट्रेलियात माझं कोणीतरी आहे. मी वाटू दिलंय. तेव्हापासून मला पीठ चाळायला लावत नाहीत.

काल गेले होते. माणसं चार हजार, फार तर साडेचार. एलिस काका गोलपोस्टच्या मागे, मुख्य स्टँडच्या अंगाला होते. कोट घासलेला, टोपी जागेवर, हातात मटण पाई. शेजारच्यांशी बोलत नव्हते, पण पंचाला मात्र चांगलं झाडत होते. तेव्हा तब्येत ठीक आहे असं धर. बाबा आणि मी त्याच गोलपोस्टच्या मागे, पण कालव्याच्या अंगाला. दोघांच्या मध्ये सगळं गाव.

मध्यंतर झालं की आपला संघ ज्या टोकाला चढाई करणार त्या टोकाला सगळे चालत जातात. निम्मे कालव्याच्या कडेने, निम्मे स्टँडखालून. बाबा कायम कालव्याच्या कडेने, काका कायम स्टँडखालून. म्हणून सात वर्षं एकाच टोकाला उभे राहूनही दोघांची गाठ पडलेली नाही. गर्दी आहे म्हणून हे थेर चालतात.

तुमच्या घरात त्या दिवसाबद्दल काय सांगतात मला ठाऊक नाही. आमच्या घरात असं सांगतात. चोपन्न साली ओड्सलच्या मैदानावर कपाची बरोबरीत सुटलेली अंतिम लढत पुन्हा खेळवली. हॅलिफॅक्स आणि वॉरिंग्टन. आपला त्यांच्याशी काडीचा संबंध नव्हता, पण सगळा मुलूख निघाला म्हणून आपलेही निघाले. बाबा, काका आणि आजोबा. एक लाखाच्या वर माणसं, मुंगीला शिरायला जागा नव्हती. बाहेर पडताना रेटारेटीत तिघांची ताटातूट झाली. बाबांना काका लांबवर दिसले. बाबांनी हात केला, काकांनीही केला. बाबा समजले, आजोबा एलिसबरोबर आहेत. घरी आल्यावर कळलं की आजोबा कोणाबरोबरच नव्हते. ते फाटकाशी वाट बघत थांबले आणि मग थंडीवाऱ्यात पायी निघाले. छाती भरली, आणि जून उजाडायच्या आत गेले. बाबा म्हणतात, एलिसने केलेला हात ‘आहेत माझ्याबरोबर’ असाच होता.

तार करण्यासारखं काही नाही. आशा धरू नकोस.

तुझी,
म्युरियल

वोलोंगाँग
१८ फेब्रुवारी १९६२

प्रिय म्युरियल,

आमच्या घरात अगदी हेच सांगतात, फक्त नावं उलटी. हात हेडलीने केला, बाबा समजले आजोबा हेडलीबरोबर आहेत. दोघं एकदा समोरासमोर बसले असते तर अर्ध्या तासात हे मिटलं असतं. पण दफनाच्या दिवशी चर्चच्या फाटकात दोघांनी एकमेकांना ‘तू मारलंस त्यांना’ म्हटलं. तिथे मीही होतो, तूही होतीस. तेवढं तोंडातून निघाल्यावर पुढे बोलणार काय?

मी बाबांना इथे ये म्हणून लिहिलंय. इथे वर्षभर ऊन, मैदान घरापासून दहा मिनिटांवर, आणि गर्दी वाढतेच आहे. पोरंबाळं घेऊन, गवतावर चादरी पसरून बसतात. आपल्यासारखं धुरात उभं राहून कुडकुडत नाहीत.

नेव्हिल

ब्रॅकनली
१० मार्च १९६८

प्रिय नेव्हिल,

मध्ये वर्षं गेली, दोष निम्मा तुझा. माझं लग्न झालं. गॉर्डन म्हणून आहे, गावची बस चालवतो. बोलतो कमी, म्हणून आमच्या घरात त्याचं बरं जमतं. लग्नाला एलिस काका आले नाहीत. पण चर्चच्या समोर पोस्टाच्या दारात आडोशाला कोण उभं होतं ते मी पाहिलं. धुतलेली कॉलर घालून कोणी तिकिटं घ्यायला जात नाही. मी हात केला, तर पोस्टाची वेळ किती ते पाटीवर वाचायला लागले.

आता सामने रविवारी सुरू केलेत. माणसं वाढतील म्हणे. वाढली, पहिले दोन रविवार. मग चर्चवाले रागावले म्हणून थोडी गळाली आणि थंडी पडली म्हणून उरलेली गळाली. मंगळवारी टीव्हीवर दिव्यांच्या उजेडातला सामना दाखवतात, तो लोक शेगडीपाशी पाय सोडून बघतात. ज्यांनी गाड्या घेतल्या ते रविवारी समुद्रावर जातात. वरची गिरणी बंद पडली, खालची तीनच दिवस चालते. गेल्या रविवारी माणसं दीड हजार.

आणि आता गंमत अशी, की दोघं एकमेकांना दिसतात. मध्ये पूर्वी गाव होतं, आता पाच-पन्नास डोकी. त्यामुळे बाबांची मान कायम डावीकडे आणि काकांची कायम उजवीकडे वळलेली. दोघांनाही अर्धाच सामना दिसत असणार. मी बाबांना म्हटलं, ‘मान अवघडेल अशाने.’ तर म्हणाले, ‘तू आपला खेळ बघ.’

म्युरियल

वोलोंगाँग
३० जून १९६८

प्रिय म्युरियल,

अभिनंदन. गॉर्डनला सांग, बूथरॉइडांच्या घरात गप्प बसणं हा गुण नाही, रोग आहे.

बाबा इथे यायला नाही म्हणाले. तिसऱ्यांदा. कारण लिहिलंय, ‘टेंटरफील्डला माझ्या जागेवर कोण उभं राहील?’ सांग आता. अर्धं मैदान रिकामं, आणि यांना जागेची काळजी! त्या हरणाऱ्या संघावर इतकी माया, पोटच्या पोरावर नाही. मी आता विचारणार नाही.

पत्रात माणसं सहा हजार लिहिलीत. सहा!

नेव्हिल

ब्रॅकनली
१९ जानेवारी १९७५

प्रिय नेव्हिल,

तू चुकतोयस, आणि हे सांगायला मला इतकी वर्षं लागली कारण मलाही कळलं नव्हतं.

या हिवाळ्यात बाबांनी अंथरूण धरलं. श्वासनलिका सुजली म्हणे. ते घरी, म्हणून सामन्याला मी एकटीच. माणसं चारशेच्या आत-बाहेर. लाउडस्पीकरवर हजेरी सांगणं क्लबने बंदच केलंय. ज्याला हवी त्याने मान वळवून मोजावी. मी कालव्याच्या अंगाला नेहमीच्या जागी उभी. एलिस काका पलीकडे. पहिल्या रविवारी त्यांनी माझ्याकडे दोनदा पाहिलं. दुसऱ्या रविवारी पाहतच राहिले. आपल्या संघाने ट्राय करून गुण मिळवले आणि सगळे ओरडले तेव्हासुद्धा काका माझ्या शेजारच्या रिकाम्या पायरीकडेच बघत होते. तिसऱ्या रविवारी मध्यंतरात ते जन्मात पहिल्यांदा कालव्याच्या कडेने आले. माझ्या पुढून गेले, चार पावलं पुढे जाऊन थांबले, आणि माझ्याकडे न बघता कालव्याला विचारावं तसं विचारलं, ‘सगळे बरे आहेत ना?’

मी म्हटलं, ‘छातीचं दुखणं आहे काका, पण उतार आहे.’

‘मी कोणाचं नाव घेतलं का?’ म्हणाले आणि निघून गेले.

पुढच्या रविवारी बाबा मफलर गुंडाळून आले. काका लगेच उजवीकडे मान वळवून पंचाला शिव्या द्यायला लागले, पूर्वीसारख्या. तुझे बाबा संघासाठी जात नाहीत रे. आपला भाऊ जिता आहे की नाही ते बघायला जातात. आणि माझे बाबाही त्यासाठीच जातात असा मला दाट संशय आहे, नाहीतर असला खेळ बघायला अंथरुणातून उठून कोण जाईल? अगदी भिकार खेळतात.

तू एकदा ये. दोघांच्या मधे उभा राहा. तुला टाळून जाणं दोघांनाही जड जाईल.

म्युरियल

वोलोंगाँग
४ मे १९७५

प्रिय म्युरियल,

पत्र वाचलं. परत वाचलं. बाबांनी मला तोच रविवार असा लिहिलाय: ‘माणसं दोन हजार, संघ चांगला खेळला, हवा छान.’

पुढच्या हिवाळ्यात येतो. नक्की. कारखान्यात रजेचं काय ते बघून कळवतो.

नेव्हिल

ब्रॅकनली
५ ऑक्टोबर १९८६

प्रिय नेव्हिल,

तुझा पुढचा हिवाळा अकरा वर्षं झाली तरी उगवलेला नाही, पण नाताळची कार्डं येतात, तेव्हा जिवंत आहेस असं धरून लिहिते. तुमच्या गावचा संघ आता सिडनीच्या स्पर्धेत खेळतो आणि मैदान भरून वाहतं, हे कार्डावर कळलं. आनंद आहे. इथलं ऐक.

गेल्या वर्षी ब्रॅडफर्डच्या मैदानावर स्टँड पेटून माणसं गेली, त्यानंतर सगळ्या जुन्या लाकडी स्टँडांची तपासणी झाली. आपल्याकडे तपासनीस आला, त्याने स्टँडच्या एका खांबाला बोट लावलं आणि बोट आत गेलं. स्टँड बंद. स्टँडखालची वाट बंद. मध्यंतरात टोक बदलायला आता एकच वाट, कालव्याच्या कडेची. जेमतेम दोन माणसं शेजारी चालतील एवढी.

बाबा अठ्ठ्याहत्तर, काका पंच्याहत्तर. माणसं अडीचशे. मला वाटलं, आता कुठे जातील पळून? पण यांनी तोडगा काढला. काका मध्यंतराच्या आधीच निघतात, पूर्वार्धाचा शेवट बघतच नाहीत. बाबा सगळे गेल्यावर शेवटी निघतात, उत्तरार्धाची सुरुवात बघत नाहीत. क्लबच्या चहावालीने मला विचारलं, ‘अगं, तुझ्या घरची ती दोन म्हातारी माणसं, घड्याळातल्या काट्यांसारखी मागे-पुढे का चालतात?’ मी म्हटलं, ‘भाऊ आहेत.’ ती म्हणाली, ‘मग बरोबर.’

दुसरी बातमी वाईट. क्लबने मैदान विकलं. तिथे मोठं दुकान होणार, गाड्या लावायच्या जागेसकट. शेवटचा सामना एप्रिलमध्ये. त्यानंतर या दोघांना एकमेकांना बघायला जागा राहणार नाही, आणि घरी तर कोणी कोणाकडे जाणार नाही. जे व्हायचं ते एप्रिलच्या आत व्हायला हवं. तू येणार असलास तर आत्ता ये.

म्युरियल

ब्रॅकनली
२७ एप्रिल १९८७

प्रिय नेव्हिल,

तू आला नाहीस ते एका अर्थी बरंच झालं. तुला कोणी सापडलं नसतं.

मी मनात काय काय योजलं होतं! शेवटचा सामना, दोन-तीनशे माणसं, सगळी ओळखीची. टोक बदलताना मी आणि गॉर्डनने ती अरुंद वाट मधेच अडवायची, बाबांना मागून आणायचं, काकांना पुढे जाऊ द्यायचं नाही. गॉर्डनने तर पाय मुरगळल्याचं सोंगसुद्धा करून बघितलं, आरशासमोर. नाटकवाला नाही तो, पण इलाज नव्हता.

आणि गाव आलं की रे! सहा हजार! वीस वर्षांत ज्यांनी मैदानाचं तोंड पाहिलं नव्हतं ते सगळे आले. पोरांना खांद्यावर बसवून, ‘इथे मी उभा राहायचो’ म्हणून जागा दाखवत. रडले काय, फोटो काय काढले, गवताचे तुकडे काय उपटून नेले. मला इतका संताप आला. मी शेजारच्या एकाला म्हटलं, ‘गेल्या महिन्यात कुठे होतास?’ तो म्हणाला, ‘गेल्या महिन्यात शेवटचा नव्हता ना, बाई.’

त्या गर्दीत बाबा एका टोकाला, काका कुठे ते देवाला ठाऊक. पुन्हा दोघांच्या मध्ये गाव. मध्यंतरात वाट तुंबली, कोणी टोक बदललंच नाही. बाबा टाचा उंचावून बघत होते. मी विचारलं, ‘कोणाला शोधता?’ म्हणाले, ‘कोणाला नाही.’ सामना संपल्यावर पुष्कळ वेळ थांबले, मग मीच ओढून घरी नेलं. काका दिसले नाहीत.

झालं ते एवढंच. मला फार वाईट वाटतंय, लपवत नाही.

म्युरियल

वोलोंगाँग
१७ मे १९८७

प्रिय म्युरियल,

तुझी काही चूक नाही. माझी आहे, पण ते आता उगाळत बसत नाही.

बाबांचं पत्र आलं. माणसं सहा हजार लिहिलीत. पहिल्यांदा खरा आकडा आला आणि मी तो वाचून हसलोही नाही. बाकी काही नाही. हेडली काकांचं नाव त्यांच्या पत्रात कधीच नसतं, याही पत्रात नाही.

मला वाटतं, हे आता असंच राहणार. आपण दोघांनी पत्रं मात्र थांबवू नयेत.

नेव्हिल

ब्रॅकनली
१४ डिसेंबर १९८७

प्रिय नेव्हिल,

तार करायला निघाले होते. गॉर्डन म्हणाला, तारेत मावणार नाही, पत्र लिही.

संघ आता थॉर्नबीला खेळतो, तिथल्या फुटबॉलच्या मैदानावर, उसन्या जागेत. अकरा मैल. क्लबने समर्थकांसाठी बस ठेवलीय, ती गॉर्डन चालवतो. बसमध्ये आम्ही वीस-बावीस जण. पहिल्या दिवशी बाबा पुढच्या दाराने चढून पुढे बसले, काका मागच्या आपत्कालीन दारापाशी जाऊन बसले, जणू आग लागली तर पहिले तेच उडी मारणार. सप्टेंबरपासून असंच चाललं होतं.

थॉर्नबीला टोक बदलू देत नाहीत. कुंपणं आहेत, पिवळ्या जाकिटातली बंदोबस्ताची पोरं आहेत. पहिल्या सामन्यात मध्यंतर झालं आणि बाबा सवयीने उठून चालायला लागले. पोराने अडवलं, ‘आजोबा, कुठे?’ बाबा म्हणाले, ‘तिकडे.’ ‘तिकडे कशाला?’ आता याचं काय उत्तर देणार? पलीकडच्या फाटकाशी काकांनाही तसंच अडवलेलं दिसलं. दोघं आपापल्या जागी परत आले आणि कधी नव्हे तो पूर्ण सामना बघितला.

आता कालचं. धुकं सकाळपासून होतं. गोलपोस्ट अर्धे दिसत होते, चेंडू ऐकू येत होता फक्त. माणसं तीनशे अकरा. हे लोक फलकावर आकडा लावतात, लाज नाही. हरलो. अंधार पडायला लागला, सगळे घाईघाईने बसमध्ये शिरले, काचांवर वाफ धरली. गॉर्डनने विचारलं, ‘आले सगळे?’ मागून कोणीतरी म्हणालं, ‘एलिस नाही.’ दुसरं कोणी म्हणालं, ‘सायक्सच्या पोराच्या गाडीतून गेला असेल, ते दोघं फाटकाशी बोलत होते.’ गॉर्डनने बस चालू केली. खरं सांगते, मलाही तसंच वाटलं. गाडीत ऊब असते, बसमध्ये नसते.

बाबा उठले. चालत्या बसमध्ये, एका हाताने दांडी धरून. म्हणाले, ‘असेल?’

लोक काचांवरची वाफ पुसून बाहेर बघायला लागले.

‘असेल म्हणजे काय? कोणी पाहिलंय त्याला गाडीत बसताना?’

गॉर्डन म्हणाला, ‘बाबा, धुकं वाढतंय, मग रस्ता दिसायचा नाही.’

‘गाडी थांबव,’ बाबा म्हणाले. ‘माझा भाऊ बसमध्ये नाही.’

नेव्हिल, तेहतीस वर्षांत तो शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. गॉर्डनने असा ब्रेक मारला की मागच्या बाईंचा चहा पुढच्याच्या टोपीत गेला. बाबा काठी घेऊन उतरले. मी बरोबर येते म्हटलं तर ‘बस खाली’ म्हणाले. मी बसले नाही. थोडं अंतर ठेवून मागे गेले. ते मैदानाच्या भिंतीला हात लावत चालले होते, आणि हाका मारत होते. ‘एलिस! अरे ए एलिस!’ शेवटी मैदानाच्या दुसऱ्या अंगाला, आमच्या बाजूच्या छोट्या फाटकाशी एलिस काका उभे दिसले. फाटकाला कुलूप लागलं होतं. काका आत बघत होते, गज धरून.

बाबा म्हणाले, ‘इथे काय करतोस तू? बस निघाली असती!’

काका म्हणाले, ‘तू कायम या फाटकाने बाहेर पडतोस. आज पडताना दिसला नाहीस.’

‘मी पुढच्या मोठ्या फाटकाने बाहेर पडलो. गुडघा दुखत होता.’

‘मला काय माहीत? मला वाटलं आत राहिलास.’

बाबांनी काकांच्या कोटाची बाही धरली. बसपर्यंत ती सोडली नाही. रस्त्यात काका एवढंच म्हणाले, ‘हात केला होता मी त्या दिवशी ओड्सलला, म्हणजे ते कुठे आहेत असं तुला विचारलं होतं.’ बाबा म्हणाले, ‘मीही.’ मग थोडं चालून बाबा म्हणाले, ‘गर्दी फार होती.’ मी मागे रडत होते, पण धुक्यात कोणाला दिसलं नाही.

बसमध्ये दोघं एका बाकावर बसले. तुला वाटेल गळ्यात पडले असतील. छे! थॉर्नबीपासून ब्रॅकनलीपर्यंत दुसरा ट्राय पुढे फेकलेल्या चेंडूवर, म्हणजे नियमाबाहेर, झाला की नाही यावरून भांडले. धुक्यात दोघांपैकी एकालाही तो दिसला नव्हता. काकांच्या गल्लीशी गॉर्डनने बस थांबवली तर बाबाही उतरले. म्हणाले, ‘याला कळत नाही, याला समजावून सांगून येतो.’ आम्ही जेवायला थांबलो, शेवटी त्यांचं ताट झाकून ठेवलं.

म्युरियल

वोलोंगाँग
९ जानेवारी १९८८

प्रिय म्युरियल,

तुझं पत्र कारखान्याच्या फाटकाशी उघडलं आणि पाळीला उशिरा गेलो. मुकादमाने कारण विचारलं. भाऊ बोलले म्हणून सांगितलं. त्याला वाटलं मी प्यायलोय.

पुढच्या महिन्यात येतोय. या वेळी तिकीट काढून झालंय, तेव्हा टोमणा जपून ठेव.

बाबांचंही पत्र त्याच दिवशी आलं. नेहमीपेक्षा लहान आहे. सगळंच उतरवून देतो:

‘प्रिय नेव्हिल, तब्येत ठीक. थॉर्नबीला धुकं होतं, हरलो. माणसं तीनशे अकरा. दोन हजार लिहिणार होतो, पण हेडली शेजारी बसलाय.’

तुझा,
नेव्हिल